घोंगडीवाले कार्तिकात कुठे असतात? माणदेशातील एका छोट्या संग्रहालयाच्या हंगामी कार्यक्रमांचा प्रकरण अभ्यास

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माणदेशात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला या तालुक्यांच्या परिसरात, लोकवर्गणीतून उभे राहिलेले एक छोटे इतिहास संग्रहालय आहे. त्याचे आणि त्या गावाचे नाव येथे देत नाही. पुढे ज्या चुकीची चर्चा केली आहे ती अशा कोणत्याही संस्थेकडून सहज घडू शकते आणि ती करणाऱ्यांत मी स्वतः होतो, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. २०२२ पासून मी या संग्रहालयाच्या कार्यक्रम समितीत विनावेतन काम करतो, आणि हे टिपण त्या कामाच्या नोंदवहीवरून लिहिले आहे.

संग्रहालय गावातील जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे. तीन खोल्या, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण आणि अंगणात एक मोठा कडुनिंब. पहिल्या खोलीत शेतीची अवजारे आहेत: लोखंडी मोट, तिचे दोर म्हणजे नाडा आणि सोंदूर, पेरणीची पाभर, कुळव, बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा. दुसऱ्या खोलीत काही तलवारी, एक दांडपट्टा आणि रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रे आहेत. तिसरी खोली दुष्काळाची आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात रोजगारासाठी काढलेल्या कामांपैकी राजेवाडीचा तलाव आजही या भागात उभा आहे. त्याची माहिती, १९७२ च्या दुष्काळातील खडीकामाची छायाचित्रे, हजेरीपत्रके आणि सुकडी वाटण्याचे एक माप तेथे मांडलेले आहे. याच खोलीच्या कोपऱ्यात, जागेअभावी, दोन जुन्या घोंगड्या काचेच्या पेटीत ठेवलेल्या आहेत.

एवढ्या संग्रहावर वर्षभर लोक येत नाहीत. गावातल्या माणसाने एकदा मोट पाहिली की ती पुन्हा पाहायला येण्याचे त्याला कारण नसते, आणि ज्याने स्वतः मोट हाकली आहे त्याला तर ती पेटीत पाहून बरेही वाटत नाही. म्हणून अशा संस्थेला वर्षातून चार-पाच वेळा लोकांना बोलवावे लागते. ही बोलावणी कोणत्या दिवशी करायची, या एका प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरते.

२० नोव्हेंबर २०२२

आपल्याकडे १९ ते २५ नोव्हेंबर हा आठवडा जागतिक वारसा सप्ताह म्हणून पाळला जातो. समितीची पहिली बैठक २०२२ च्या श्रावणात झाली, तेव्हा आम्ही सर्वांनी एकमताने याच आठवड्यातला रविवार निवडला. त्यामागची कारणे तेव्हा निर्विवाद वाटली होती. हवा थंड असते, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेल्या असतात, वर्तमानपत्रे त्या आठवड्यात वारशाविषयीची बातमी घेतात आणि इतरत्रही कार्यक्रम होत असल्याने एखादा पाहुणा वक्ता मिळणे सोपे जाते. कार्यक्रमाचे नाव ठरले ‘घोंगडीचा दिवस’. मेंढीची लोकर कातरण्यापासून सूत कातणे, मागावर विणणे आणि चिंचोक्याची खळ देणे इथपर्यंतचे सारे काम पडवीत प्रत्यक्ष दाखवायचे, संध्याकाळी अंगणात धनगरांचे गजी ढोल आणि रात्री सुंबरान (धनगरी ओव्यांचे गायन), असा बेत होता. जवळच्या वस्तीवरच्या एका वाड्याच्या प्रमुखाने (धनगरांच्या फिरत्या तळाला वाडा म्हणतात) श्रावणात आनंदाने होकारही दिला होता.

त्या रविवारी सकाळी पडवीत माग मांडलेला होता, पण त्यावर बसायला कोणी नव्हते. ढोल आले नाहीत. शाळेची मुले शिक्षकांबरोबर रांगेत आली, पेट्या पाहून गेली. गावातील मोजून अकरा वृद्ध माणसे अंगणातल्या सतरंजीवर बसून राहिली. दुपारी त्या वाड्याच्या प्रमुखाचा फोन आला. तो घाटाखाली कोकणात होता. भाताची कापणी झालेल्या एका खाचरात त्याची मेंढरे बसवलेली होती आणि तिथून निघून येणे त्याला शक्य नव्हते. श्रावणात होकार देताना आम्ही सांगितलेली इंग्रजी तारीख त्याने ऐकली होती, पण ती कोणत्या महिन्यात पडते याचा मेळ आम्हीही घातला नव्हता आणि त्यानेही. आम्ही पाहुण्या वक्त्यांचे भाषण उरकून घेतले.

अकरा जणांत एक आजोबा स्वतःची घोंगडी खांद्यावर टाकून आले होते. निघताना त्यांनी ती झटकली, घडी घातली आणि मला म्हणाले, “कातिकात आमचं सगळं खाली गेल्यालं असतंय. आधी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ज्यांच्या वस्तू आपण पेटीत ठेवल्या आहेत, त्यांच्याच वर्षाची रीत आपल्याला ठाऊक नाही, हे त्या वाक्याने मला पहिल्यांदा लख्ख दिसले.

गावाचे वर्ष

पुढच्या आठवड्यात मी त्याच आजोबांकडे, दोन शिक्षकांकडे आणि ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एका मुकादमाकडे बसून गावाचे वर्ष कागदावर उतरवले. हे काम संग्रहालयाने स्थापनेच्या दिवशीच करायला हवे होते.

मृगाच्या सुमारास गाव भरलेले असते. मेंढपाळ पावसाआधी परतलेले असतात, टोळ्या त्याआधीच आलेल्या असतात. आषाढात बेंदूर येतो. देशावर इतरत्र श्रावणातल्या अमावास्येला पोळा होतो, पण साताऱ्या-सांगलीकडे बैलांचा सण आषाढातल्या बेंदराला होतो. श्रावण, भाद्रपद, नवरात्र इथपर्यंत गावात माणूस असतो. दसरा झाला की हालचाल सुरू होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (एका जोडप्याला एक कोयता म्हणतात) कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जातात. मेंढपाळांचे वाडे दिवाळीच्या आगेमागे निघतात. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी कृष्णा-वारणेच्या काठाने फिरतो. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि दोन दिवसांनी वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी) गुंडाळून पुढे निघायचे, असा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कार्तिक ते फाल्गुन या काळात गावात मुख्यतः म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले उरतात.

चैत्रात चित्र पुन्हा पालटते. शिखर शिंगणापूरची यात्रा, मुंगी घाटातून वर चढवल्या जाणाऱ्या कावडी, आणि पाठोपाठ गावोगावच्या जत्रा. या जत्रांना टोळ्या परत येतात, मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी येतात आणि गलाईवाले येतात. सोन्या-चांदीची गाळणी करणारी खानापूर, आटपाडी, माण, खटावकडची ही कुटुंबे तमिळनाडू, केरळपासून दिल्लीपर्यंत देशभर पसरलेली आहेत. वर्षभर त्यांच्या घरांना कुलूप असते आणि जत्रेच्या आठवड्यात अंगणात मांडव असतो.

आता या वर्षाशेजारी संग्रहालयांचे रूढ दिनदर्शक ठेवून पाहावे. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, तो १९७७ पासून पाळला जातो. आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह. यांपैकी १८ एप्रिल जत्रांच्या दिवसांत किंवा त्यांच्या आसपास येतो. १८ मेला माणसे गावात असतात, पण ऊन आणि पाण्याची टंचाई यांमुळे दिवसाचा कार्यक्रम अशक्य होतो. नोव्हेंबरचा आठवडा शहरातल्या संग्रहालयासाठी वर्षातला सर्वांत सोयीचा असेल, पण आमच्या गावी तो नेमका गाव रिकामे होण्याचा काळ आहे. वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम आम्ही त्याच आठवड्यात ठेवला होता.

खंडेनवमीचा निर्णय आणि कुंकवाचा प्रश्न

घोंगडीचा दिवस कुठे हलवायचा, यावर २०२३ च्या उन्हाळ्यात बराच खल झाला. शेवटी नवरात्रातली खंडेनवमी ठरली, कारण ती गाव सुटण्याच्या अगदी आधी येते आणि त्या दिवशी माणसे आपापली हत्यारे-अवजारे घासूनपुसून पुजतात. शेतकरी विळा-खुरपे पुजतो, सुतार वाकस, रंधा पुजतो, लोहार ऐरण पुजतो. अवजारांचा संग्रह असलेल्या संस्थेला याहून नैसर्गिक दिवस मिळणार नाही, असे मला वाटले होते आणि आजही वाटते. प्रत्येक घराने एक अवजार घेऊन अंगणात यावे, त्याची गोष्ट सांगावी, आणि मेंढपाळांनी त्याच दिवशी लोकर, सूत कातायची टकळी व माग घेऊन यावे, असे दवंडीने आणि भ्रमणध्वनीने कळवले.

दिवस जवळ येताच एक गोष्ट पुढे आली, तिचा आम्ही विचार केला नव्हता. दुसऱ्या खोलीतील एक तलवार गावातल्या ज्या घराण्याने दिली होती, तिथल्या वडीलधाऱ्या काकांनी येऊन विचारले, की खंडेनवमीला तलवारीची पूजा कोण करणार? आम्ही सांगितले, की संग्रहातील वस्तूला हळदकुंकू लावता येत नाही. कुंकू ओलसर राहते, हाताचा घाम आणि पूजेचे पाणी लोखंडावर बसते आणि गंज धरतो, आणि गंजाने खाल्लेले पाते पुन्हा भरून येत नाही. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “आमच्या आज्या-पणज्यानं दर नवमीला हिला कुंकू लावलं, तवा ती गंजली नाही. तुमच्याकडं ठेवली म्हणून तिची पूजा बंद पडावी, हे आम्हाला पटंना. मग देवघरातनं उचलून हिकडं आणली कशाला?”

या प्रश्नाला संरक्षणशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर देता येते, पण ते पुरे पडत नाही. काका चूक नव्हते. घरी ती तलवार दर खंडेनवमीला उतरवली जात होती, राखेने घासली जात होती, तेलाचा हात फिरवून परत ठेवली जात होती. म्हणजे पूजेबरोबर देखभालही होत होती, आणि कदाचित त्यामुळेच ती आमच्यापर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचली होती. संग्रहालयात आल्यावर पूजा थांबली आणि खरे सांगायचे तर नियमित देखभालही थांबली, कारण पेटी उघडायला आम्ही कचरत होतो.

दोन बैठकांनंतर ठरले ते असे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे अष्टमीला, त्या घराण्यातील दोन माणसांच्या उपस्थितीत पेटी उघडायची. सुती हातमोजे घालून तलवार बाहेर घ्यायची, मऊ कोरड्या फडक्याने पुसायची, गंजाचे ठिपके कुठे आहेत याची नोंद करायची, आणि प्रशिक्षित माणसाकडून पात्यावर संरक्षक मेणाचा अगदी पातळ थर द्यायचा. राख, लिंबू, चिंच, तेल यांतले काहीही लावायचे नाही. नवमीला पेटीपुढे लाकडी पाट मांडायचा, आणि फूल, हळदकुंकू जे काही वाहायचे ते पाटावर वाहायचे. खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर आणायचा नाही. दिवा अंगणातल्या वापरातल्या पाभरीपुढे लावायचा.

अष्टमीच्या दुपारचे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. काकांनी पांढरे हातमोजे घातले होते, ते त्यांच्या रुंद पंजांना आखूड पडत होते आणि मनगटापाशी उलटे दुमडले गेले होते. त्यांनी मूठ डाव्या हातात धरली आणि फडके उजव्या हाताने मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने फिरवले. ते कोणी शिकवले नव्हते, घरी तसेच करत असत. मुठीजवळच्या फटीत जुन्या कुंकवाची बारीक रेघ साठलेली होती. ती काढायची का, असे मी विचारले. प्रशिक्षित सहकाऱ्याने पाहून सांगितले, की तिथे गंज नाही, आणि ती रेघ या वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे, म्हणून ती तशीच ठेवून नोंदीत लिहावी. तसे केले. आता त्या तलवारीच्या पाटीवर देणाऱ्या घराण्याच्या नावाखाली, ‘मुठीशी दिसणारे कुंकू घरच्या खंडेनवमीच्या पूजेचे आहे’, असे एक वाक्य आहे, आणि येणारा प्रत्येक माणूस वाकून ते कुंकू शोधतो.

घोंगडीची कसर

२३ ऑक्टोबर २०२३ ला खंडेनवमीचा कार्यक्रम झाला. अंगण भरले, हे समाधान मोठे होते. पण त्या वर्षीचा पावसाळा माणदेशाला कोरडा गेला होता आणि चाऱ्याअभावी काही वाडे दसऱ्याची वाट न पाहता आधीच निघून गेले होते. म्हणजे तिथी धरूनही पुरते जमले नाही. तिथी आणि पाऊस दोन्ही पाहावे लागतात, हे त्या वर्षी कळले. तेव्हापासून भाद्रपदाच्या अखेरीस समितीतला एक जण वस्त्यांवर जाऊन प्रत्यक्ष विचारून येतो. वाडे लवकर निघायचा विचार असेल तर लोकरकामाचा भाग घटस्थापनेच्या आधी उरकून घ्यायचा, असे ठरले आहे.

दुसरी अडचण अनपेक्षित होती. उत्साहात लोकांनी आणलेल्या घोंगड्या तिसऱ्या खोलीत, संग्रहातील घोंगड्यांच्या पेटीवरच एकावर एक ठेवल्या गेल्या. संध्याकाळी आवरताना एका घोंगडीच्या घडीत बारीक भोके आणि पांढुरक्या कोशांचे तुकडे दिसले. लोकरीला लागणारी कसर ही छोट्या संग्रहालयाची मोठी भीती असते, कारण एका खोलीत शिरलेली कसर तिथली सगळी लोकर, पिसे आणि केसाळ कातडी खाऊ शकते. आम्ही त्याच रात्री संग्रहातील दोन्ही घोंगड्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवाबंद केल्या आणि एका दूधविक्रेत्याच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्या. गोठवण्याने कसर आणि तिची अंडी मरतात. त्यासाठी तापमान उणे १८ ते उणे २० अंशांच्या आसपास असावे लागते, आणि बाहेर काढल्यावर घोंगडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडायची नसते, नाहीतर लोकरीवर पाणी धरते. पेटी आणि फरशीच्या फटी झाडून घेतल्या.

ज्यांच्या घोंगडीत कसर सापडली त्या मावशींना हे कसे सांगावे, हा प्रश्न माझ्या मते गोठवण्यापेक्षा अवघड होता. आपण बोलावलेल्या पाहुण्याच्या वस्तूला दोष लावल्यासारखे होऊ नये म्हणून आम्ही सरसकट नियम केला: बाहेरून आलेली वस्तू अंगणातच राहील. कडुनिंबापासून पडवीच्या खांबापर्यंत दोऱ्या बांधल्या, घोंगड्या त्यांवर उन्हात पसरल्या. पुढच्या वर्षी, ११ ऑक्टोबर २०२४ च्या खंडेनवमीला, त्या दोऱ्यांवर वाऱ्याने हलणाऱ्या काळ्या घोंगड्या रस्त्यावरून दिसत होत्या, आणि कार्यक्रमाची तीच सर्वांत चांगली जाहिरात झाली. मावशींनी स्वतःची घोंगडी पुन्हा आणली होती, घरी उन्हात तापवून आणि वेखंड घालून ठेवलेली.

तिथींवर आधारलेल्या कार्यक्रमाची एक व्यावहारिक अडचण येथेच नोंदवतो. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. अनुदानाचा अर्ज, शाळांना द्यायचे पत्र, मंडपवाल्याचा करार, सगळीकडे इंग्रजी तारीख लागते. म्हणून आता गुढीपाडव्याला पंचांग पाहून पुढच्या पूर्ण वर्षाच्या इंग्रजी तारखा काढून सर्व पत्रे एकदम तयार केली जातात. काम लहान आहे, पण ते न केल्याने पहिल्या वर्षी आमची दोन पत्रे चुकीच्या तारखेची गेली होती.

बेंदराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. त्या दिवशी घरोघरी बैलांचे काम असते, आणि संग्रहालयाने वेगळा समारंभ मांडण्याची गरजच नसते. आम्ही घुंगुरमाळांची पेटी पडवीत आणून ठेवतो आणि मिरवणूक अंगणावरून जाते तेव्हा फाटक उघडे ठेवतो. बैल कमी होत चालले आहेत, त्यामुळे दरवर्षी कोणत्या घरी किती खिल्लार जनावरे उरली, याची नोंद शाळेची मुले त्या दिवशी करतात. ही वही पुढे कधीतरी संग्रहातली महत्त्वाची वस्तू ठरेल.

जत्रेच्या संध्याकाळी

चैत्रातल्या जत्रेला संग्रहालय सायंकाळी सहा ते रात्री दहा उघडे ठेवण्याची कल्पना एका शिक्षिकेची. दिवसा देवळात गर्दी असते आणि दुपारी ऊन असते. रात्रीचा तमाशा किंवा कुस्त्यांच्या आधीचा तास-दीड तास माणसे गावात फिरत असतात. त्या वेळेसाठी आम्ही १९७२ ची छायाचित्रे मोठी करून पडवीत दोरीला लावली आणि खाली कोरे कागद व पेन्सिली ठेवल्या. ओळखीचा चेहरा दिसला तर नाव लिहावे, एवढीच विनंती होती.

गलाईच्या धंद्यानिमित्त दक्षिणेत स्थायिक झालेले एक गृहस्थ आईला घेऊन आले. आजींनी खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगेतील छायाचित्रावर बोट ठेवले आणि तिसरी बाई आपली जाऊ असल्याचे सांगितले. मग त्या चित्रातल्या हातांकडे पाहत राहिल्या. आमच्या पाटीवर ‘बोटांना कापडी पट्टी’ असे लिहिले होते. आजी म्हणाल्या, “कापड न्हवं ते. सायकलीची ट्यूब कापून बोटात घालायचो. कापड दोन दिसांत फाटायचं.” हातोडीचा घाव चुकला तर बोट वाचावे म्हणून खडी फोडणाऱ्या बायका रबराच्या अशा कड्या बोटात घालत असत. पाटी दुसऱ्या दिवशी बदलली. पुढच्या वर्षी आजींनी मुलाकडून एक लहान पुडी पाठवली. घरातल्या लाकडी पेटीच्या तळाशी राहून गेलेली, चिरा पडून कडक झालेली रबराची ती एक कडी होती. आता ती हजेरीपत्रकाशेजारी आहे. मला विचाराल तर त्या खोलीत तिच्याइतके बोलणारे दुसरे काही नाही.

या संध्याकाळींतून दोन वर्षांत छायाचित्रांमधील अनेक माणसांना नावे मिळाली. नाव देणाऱ्याची परवानगी घेऊन ते नोंदवले जाते, आणि कुटुंबातील कोणाची हरकत असेल तर लावले जात नाही. दुष्काळात खडी फोडली हे सांगण्यात काही घरांना आजही संकोच वाटतो, आणि तो संकोच मान्य करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

जे जमले नाही, त्यात मकर संक्रांतीचे हळदीकुंकू आहे. एकतर गाव त्या वेळी रिकामे असते. दुसरे म्हणजे हळदीकुंकू म्हटले की ज्या वृद्ध स्त्रिया गावात उरलेल्या असतात, आणि ज्यांच्याकडे सर्वांत जास्त आठवणी असतात, त्यांतल्या विधवा स्त्रिया येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची चर्चा आमच्या गावीही झाली होती. पण ठरावाची बातमी ऐकणे आणि पडवीत येऊन बसणे यांत अंतर आहे. आम्ही नाव बदलून ‘तिळगूळ आणि जात्यावरच्या ओव्या’ असे केले, जाते पडवीत मांडले, आणि घरोघरी जाऊन प्रत्येकीला बोलावले. पहिल्या वर्षी चौघी आल्या. दोघींनी दळताना ओव्या म्हटल्या, दोघी दारापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. हा कार्यक्रम आम्ही लहानच ठेवणार आहोत.

नोव्हेंबर अजूनही आहे

नोव्हेंबरचा आठवडा आम्ही सोडलेला नाही. त्या काळात गावात जे असतात त्यांच्यासाठी तो ठेवला आहे. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांची मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. ती मुले आठवड्यातून तीन दुपारी येतात आणि रुमालातील कागदांच्या याद्या करण्यापासून अवजारांची चित्रे काढण्यापर्यंतची कामे शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. मोडी कागदांना मुले हात लावत नाहीत, त्यांच्या छायाप्रतींवर काम करतात. २०२४ मध्ये एका चौथीतल्या मुलाने कोयत्याचे चित्र काढून विचारले, की हा संग्रहालयात का नाही? त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पहिल्या खोलीत मोट आहे, पाभर आहे, पण गेली कित्येक वर्षे ज्या अवजारावर गावातली निम्मी चूल पेटते ते अवजार नाही. त्याचे आई-वडील परतल्यावर त्यांनी झिजलेला एक कोयता दिला. तो नोंदवून, दिलेल्या तारखेसह, पाभरीच्या शेजारी लावला आहे.

सध्या समितीपुढे एक प्रस्ताव आहे आणि त्यावर मतभेद आहेत. कार्तिकात गाव खाली जात असेल, तर एका पत्र्याच्या पेटीत छायाचित्रांच्या प्रती, टकळी, लोकर आणि थोडी हाताळण्याजोगी अवजारे घेऊन आपणच कृष्णाकाठच्या टोळ्यांच्या खोपींवर आणि कोकणातल्या वाड्यांवर का जाऊ नये? विरोधात सांगितले जाते, की दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला रात्री संग्रहालय दाखवणे ही त्याच्यावर जबरदस्ती होईल, आणि प्रवासखर्चही मोठा आहे. बाजूने सांगितले जाते, की खोपीवर मुले असतात आणि रात्री शेकोटीभोवती गोष्टी होतातच. मी प्रस्तावाच्या बाजूने आहे, पण मुकादमाला आणि दोन जोडप्यांना विचारल्याशिवाय तो मंजूर करू नये, असे माझे मत बैठकीच्या नोंदवहीत लिहिलेले आहे. विचारायला जायचे ते भाद्रपदात, ती माणसे गावात असताना.